बाळाचे पहिले वर्ष आणि घरखर्च : सोलापूरकर पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दोन बाळंतपणे झाली आणि दोन्ही वेळी मी खर्चाची वही ठेवली. पहिल्या वहीतील जवळजवळ अर्ध्या नोंदी बाळाला ज्यांचा काहीही उपयोग झाला नाही अशा वस्तूंच्या आहेत. दुसरी वही पहिलीच्या मानाने बरीच पातळ आहे. बाळाला लागते थोडे, बाळाच्या निमित्ताने होणारा खर्च मात्र फार असतो, हे त्या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर लक्षात आले. नात्यातल्या आणि शेजारच्या मुली, त्यांचे नवरे, क्वचित त्यांच्या सासूबाई जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

खरेदी कधी आणि किती करावी?

प्रसूतीपूर्वी शक्य तितकी कमी करावी. बाळाचे वजन साधारण पाचव्या महिन्यापर्यंत जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाअखेरीस तिप्पट होते, त्यामुळे हौसेने घेतलेली नवजात मापाची डझनभर झबली महिन्या-दीड महिन्यात बाजूला पडतात. पहिल्या आठवड्यासाठी सहा-सात झबली, दोन टोपरी, चार दुपटी, वीस-पंचवीस लंगोट आणि एक जाड गोधडी एवढे पुरते. बाकीचे गरज दिसेल तसे आणावे. चाटी गल्ली, मधला मारुती किंवा नवी पेठ यांचा बाजार कोठेही पळून जात नाही, आणि बाळ झाल्यावर तिकडे जायला घरातील पुरुष माणसे रिकामीच असतात.

खरेदीचे वाचलेले पैसे आठव्या महिन्यापूर्वीच वेगळ्या खात्यात ठेवावेत. त्या खात्याला बारशासाठीसुद्धा हात लावू नये, कारण ऐन वेळी ठरलेले सिझेरियन किंवा बाळाला काचेच्या पेटीत ठेवावे लागणे, हे खर्च सांगून येत नाहीत.

प्रसूती सरकारी रुग्णालयात करावी की खासगी?

हा निर्णय केवळ पैशांवर घेऊ नये, परंतु माहिती नसल्यामुळे खर्चाचा मार्ग पत्करू नये, असे माझे मत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून शासकीय रुग्णालयात साधी प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, गरज पडल्यास रक्त, रुग्णालयातील जेवण आणि घरी परतण्याचे वाहन मोफत आहे. आजारी बाळाचे उपचारही पहिल्या वर्षापर्यंत त्यात येतात. सोलापुरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते, डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. डफरीन चौकात महापालिकेचे प्रसूतिगृह आहे. गरोदर स्त्रीला नेण्यासाठी १०२ आणि तातडीच्या वेळी १०८ हे क्रमांक स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

सिव्हिलमध्ये गर्दी असते, खाटेशेजारी नातलगाला बसायला धड जागा मिळत नाही, आणि ज्यांना हे सोसवत नाही त्यांनी खासगीत जावे. त्यात गैर काही नाही. मात्र खासगीत जाताना साध्या प्रसूतीचा आणि सिझेरियनचा असे दोन्ही खर्च खोलीभाड्यासह आधी लिहून मागावेत. आमच्या पहिल्या वेळी एका रुग्णालयात तोंडी सांगितलेला आकडा आणि हातात पडलेले बिल यांत इतका फरक निघाला, की सासऱ्यांना रात्री नऊ वाजता भावाच्या घरी जाऊन पैसे आणावे लागले. तपशील विचारला तेव्हा हातमोजे आणि कापूस यांचीही वेगळी ओळ दिसली.

शासनाकडून बाळंतिणीला किंवा बाळाला थेट पैसे मिळतात का?

मिळतात, पण घरी चालत येत नाहीत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला ३,००० रुपयांचा हप्ता गरोदरपणाची वेळेत नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, तर दुसरा २,००० रुपयांचा बाळाची जन्मनोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर जमा होतो. दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये एकदम मिळतात. अर्ज बाळाच्या जन्मापासून २७० दिवसांच्या आत करावा लागतो, आणि खात्याला आधार जोडलेले नसल्यास पैसे अडकतात. आधारवर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे, एवढ्याशा कारणाने महिनोन्महिने खेटे घालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. ते काम गरोदरपणातच उरकावे.

पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या आणि योजनेच्या उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर मुलगी जन्मली असेल, तर लेक लाडकी योजनेचा अर्ज अंगणवाडीसेविकेकडे द्यावा. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये त्यातून मिळतात.

अंगावरचे दूध आणि पावडरचे दूध यांच्या खर्चात खरोखर किती फरक पडतो?

पहिल्या वर्षातील सर्वांत मोठा फरक येथेच पडतो. तीन-चार महिन्यांचे बाळ पूर्णपणे पावडरच्या दुधावर असेल, तर दिवसाला सुमारे ८०० मिलिलिटर दूध लागते. त्यासाठी साधारण १२० ग्रॅम पावडर जाते, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम सव्वातीन दिवस पुरतो. महिन्याला नऊ डबे झाले. डबा ४५० रुपयांना धरला तरी ४,००० रुपयांच्या वर गेले, आणि बाटल्या, त्या उकळण्याचा गॅस, पोट बिघडल्यावर दवाखान्याची फेरी हे त्यात धरलेले नाही.

पहिले सहा महिने बाळाला केवळ अंगावरचे दूध द्यावे, पाणीसुद्धा देऊ नये. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा ४२ अंशांच्या वर असताना, हे सांगितले की घरातील वडीलधारी मंडळी नाराज होतात. परंतु आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. बाळाला तहान लागली तर त्याला अधिक वेळा पाजावे आणि पाण्याचा तांब्या आईच्या उशाशी भरून ठेवावा.

दोन वर्षांखालील बालकांसाठीच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करण्यास, फुकट नमुने वाटण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही प्रसूतीनंतर दुसऱ्याच दिवशी कोणी ठरावीक कंपनीचा डबा आणायला सांगितले, तर त्याचे वैद्यकीय कारण विचारायला संकोचू नये.

ज्या मातांना आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने खरोखरच पावडर द्यावी लागते, त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: डबा जास्त दिवस पुरावा म्हणून दूध पातळ करू नये. आमच्या जुन्या वाड्यातील एक शेजारीण डब्यावर सांगितलेल्या मापाच्या निम्मीच पावडर घालत असे. बाळ रडत नव्हते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या महिन्यात आशाताईंनी, म्हणजे घरोघरी येणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीने, वजन केले तेव्हा काटा मागच्या महिन्याच्याच आकड्यावर होता.

“दूध पुरत नाही” असे घरात सर्वांना वाटते. काय करावे?

प्रथम लंगोट मोजावेत. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसाकाठी सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि त्याचे वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. माझ्या सासूबाईंनी ही परीक्षा न शिकताच केली होती. मी रडकुंडीला येऊन डबा आणायला सांगितला, तेव्हा त्या दोरीकडे बोट दाखवून म्हणाल्या, “सूनबाई, सकाळपासनं नऊ लंगोट वाळत घातलेत मी. पोटात गेल्याबिगर येतंय का ते?” डबा आणला गेला नाही.

आशाताईंच्या घरभेटी बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या असतात: रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. त्यांना पाजण्याची पद्धत दाखवायला सांगावे. बाळाने केवळ बोंडशी न धरता तिच्याभोवतीचा काळा भागही तोंडात घेतला की बहुतेक तक्रारी मिटतात. ही भेट मोफत असते, आणि चहाचा आग्रह त्या सहसा मोडत नाहीत.

लंगोट वापरावेत की डायपर? पाणी तर चार दिवसांआड येते.

पुण्या-मुंबईचे सल्ले येथे उपयोगी पडत नाहीत, ते या प्रश्नामुळेच. उजनी धरणातून पाणी येते खरे, परंतु शहराच्या कित्येक भागांत नळ तीन-चार दिवसांआड सुटतो, आणि तोही कधी पहाटे तर कधी मध्यरात्री. दिवसाला दहा-बारा लंगोट धुवायचे म्हणजे पिंपातले पाणी कोणत्या कामाला किती, याचा हिशेब घरात रोज होणार.

आधी पैशांचा हिशेब पाहू. सुरुवातीच्या महिन्यांत केवळ डायपर वापरले तर दिवसाला आठ लागतात. एक १० रुपयांना धरल्यास महिन्याचे २,४०० रुपये होतात. रात्री एक आणि बाहेर जाताना एक एवढेच वापरले, तर हाच खर्च ६०० रुपयांवर येतो. या मधल्या १,८०० रुपयांसाठी दिवसा लंगोट धुण्याचे कष्ट करावे लागतात. ते कष्ट एकट्या बाळंतिणीच्या माथी मारले जाणार असतील, तर त्याला मी काटकसर म्हणणार नाही. आमच्याकडे धुणे माझ्या नवऱ्याने पत्करले होते आणि पहिले आठ दिवस गल्लीत त्याची चर्चाही झाली.

पाण्याची बचत अशी होते. बाळाची अंघोळ मोठ्या परातीत किंवा टबात घालावी आणि ते पाणी फेकू नये. त्यात साबण थोडासाच असतो. शी धुऊन काढलेले आणि लघवीचे लंगोट त्याच पाण्यात तासभर भिजवावेत. नंतर एक बादली पाण्यात साबणाने धुणे आणि एक बादलीत खळबळणे पुरते. शेवटच्या खळबळलेल्या पाण्याने न्हाणीघर किंवा अंगण धुता येते. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरू नयेत, त्यामुळे कापडाची पाणी शोषण्याची क्षमता कमी होते आणि बाळाच्या कातडीवर पुरळ उठू शकते. पुढचे काम ऊन करते. मार्च ते मे या काळात गच्चीवर टाकलेला लंगोट दुसरा पिळून होईपर्यंत कडकडीत वाळतो. पावसाळ्यात मात्र डायपरची संख्या वाढते, ती वाढू द्यावी. ओलसर लंगोट बांधण्यापेक्षा ते बरे.

लंगोटांसाठी जुने धोतर किंवा सुती साडी यांच्याइतके मऊ कापड विकत मिळत नाही. आजेसासऱ्यांचे एक धोतर सासूबाईंनी चौकोनी फाडून, कडा हाताने दुमडून शिवले, त्यातून चौदा लंगोट निघाले. आपल्या गावच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा बाळंतपणातला उपयोग फारसा कोणी सांगत नाही: विणकामात किरकोळ दोष राहिलेला टॉवेल स्वस्तात घ्यावा, दोनदा गरम पाण्यातून काढावा, त्याच्या चार घड्या कापून कडा शिवाव्यात आणि त्या लंगोटाच्या आत ठेवाव्यात. रात्री दुपटे भिजत नाही. चादर मात्र बाळाच्या अंगावर घालू नये, ती जड होते.

डायपर घेताना काय पाहावे?

पाकिटाची किंमत न पाहता एका नगाची किंमत काढावी. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त पडते असे नाही. चड्डीसारख्या डायपरपेक्षा पट्टीचे डायपर बहुधा स्वस्त असतात आणि रांगण्यापूर्वी तेच सोयीचे. लहान मापाचा साठा करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळाच्या डायपरवरील आणि दुधाच्या बाटल्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुनी छापील किंमत दिसल्यास दुकानदाराला विचारावे.

सरकारी लस आणि खासगी लस यांत गुणवत्तेचा फरक आहे का? “न दुखणारी” लस घ्यावी का?

राष्ट्रीय वेळापत्रकातील लसी आरोग्य केंद्रात आणि लसीकरण सत्रांत पूर्णपणे मोफत मिळतात. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस, त्यासोबत ठरलेल्या वेळी न्यूमोकोकल आणि पोलिओचे इंजेक्शन. नऊ महिन्यांनंतर गोवर-रुबेला. पुढे दीड वर्षाच्या सुमारास बूस्टर, असा तो क्रम आहे. खासगीत याच भेटींना प्रत्येकी काही हजार रुपये पडू शकतात.

“न दुखणारी” म्हणून जी लस दिली जाते, तिच्यात डांग्या खोकल्याच्या जंतूचा संपूर्ण अंश नसून काही घटकच असतात, त्यामुळे ताप आणि सूज कमी येते. मात्र तिचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते. एका रात्रीच्या तापासाठी किती पैसे मोजायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही दुसऱ्या वेळी मोजले नाहीत. टायफॉइड, कांजिण्या, फ्लू यांसारख्या लसी मोफत वेळापत्रकात नाहीत, त्या बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने विकत घ्याव्यात. मोफत लसी सरकारी केंद्रात घेऊन वाचलेल्या पैशांतून या घेणे, ही वाटणी मला सर्वांत समंजस वाटते.

बाळंतिणीच्या खाण्यात काटकसर करावी का?

करू नये. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी अधिक लागतात. नेहमीच्या जेवणाखेरीज ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर आमटी आणि त्यावर शेंगदाण्याची चटणी व चमचाभर तूप घेतले की तेवढ्या मिळतात. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चांगलेच, परंतु बदाम-काजू-केशर घालून केलेल्या महागड्या तयार डब्यांनी दूध वाढते हा समज निराधार आहे. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतर सहा महिने सरकारी केंद्रातून मोफत मिळतात. त्या घ्याव्यात आणि चहाबरोबर घेऊ नयेत.

सहा महिन्यांनंतर डब्यातील तयार अन्न आवश्यक आहे का?

नाही. तांदूळ आणि मूगडाळ धुऊन, वाळवून, भाजून काढलेली भरड, नाचणीचे सत्त्व, मऊ शिजवलेली ज्वारीच्या कण्यांची पेज, कुस्करलेले केळे, शिजवलेला भोपळा यांवर बाळसे उत्तम धरते. मंगळवेढ्याची ज्वारी ज्यांच्या घरात वर्षभर असते त्यांनी डब्यावरच्या चित्राला भुलू नये. वर्षापर्यंत वरून मीठ-साखर घालू नये. लोहासाठी डाळी, पालेभाज्या आणि खात असाल तर अंडे लवकर सुरू करावे. अख्खे शेंगदाणे मात्र देऊ नयेत, घशात अडकतात. बारीक कूट पेजेत मिसळून द्यावे. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना अंगणवाडीतून घरी नेण्याचा आहार मिळतो, तोही घ्यावा. तो आपल्यासारख्यांसाठी नसतो असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की त्या पाकिटावर तसे काही लिहिलेले नसते.

घुटी, ग्राइप वॉटर, काजळ, धुरी आणि मालिश यांवर खर्च करावा का?

मालिशीवर थोडा करावा, बाकीच्यांवर करू नये. सहा महिन्यांपर्यंत घुटी आणि ग्राइप वॉटरची गरज नसते. वर्षाखालील बाळाला मध तर चाटवूच नये, त्यातील जंतूंमुळे क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते. विकतच्या काजळात शिसे असू शकते. धुरीचा धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. मालिशीसाठी घाण्याचे खोबरेल किंवा करडईचे तेल घ्यावे, आणि येणाऱ्या मावशींना नाकाकानात तेल न सोडण्याचे पहिल्याच दिवशी सांगावे. महिन्याभरानंतर मालिश आईने किंवा आजीने केली तरी चालते. वाचलेल्या पैशांतून डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब आणावेत.

वॉकर, बाबागाडी, खेळणी, पाळणा?

वॉकर घेऊच नये. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायरीवरून कोसळण्याचा धोका असतो; कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. आपला लाकडी पांगुळगाडा मूल स्वतः उभे राहू लागल्यावरच ढकलते, म्हणून तो बरा. आम्ही हप्त्यांवर घेतलेली बाबागाडी गल्लीतील खड्ड्यांत चालेना. शेवटचा हप्ता फिटला तेव्हा तिच्यात कांदे ठेवलेले होते.

कपड्यांबाबत आपली जुनी रीत शहाणपणाची आहे. बाळाला पहिले झबले नवे घालत नाहीत, नात्यातील धडधाकट मुलाचे जुने घालतात. ते धुऊन धुऊन मऊ झालेले असते. ही रीत पहिल्या दिवसापुरती न ठेवता वर्षभर चालवावी.

बारशाचा खर्च कसा आवरावा?

बारसे घरीच करावे. हॉल, फुलांची सजावट आणि नाव लिहिलेला फलक यांचे पैसे बाळाला कळत नाहीत आणि पाहुण्यांच्या आठवड्याभरात लक्षातून जातात. आत्या, मावशी यांना संकोच न करता सांगावे, की सातवे टोपरे आणू नका, एक मोठ्या मापाचे झबले किंवा डायपरचे पाकीट आणा. वाळे, बिंदल्या, चांदीचा करदोटा हे आजोळाने हौसेने केले तर ठीक, पण त्यासाठी बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज काढू नये. ते आठवड्याचे हप्ते नेमके बाळाच्या आजारपणाच्या दिवसांत येतात. पाकिटांतून जमलेली रक्कम त्याच संध्याकाळी मोजावी आणि दुसऱ्या दिवशी खात्यात भरावी. घरात राहिलेली रक्कम आठवडाही टिकत नाही, हे वहीत लिहिलेले आहे.

आई नोकरी करत असेल, कारखान्यात असेल किंवा घरी विड्या वळत असेल, तर?

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्या आणि राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाणाऱ्या स्त्रीला हा लाभ विमा कार्यालयाकडून मिळतो. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणाऱ्या कित्येकींची वर्गणी कापली जाते, आणि तो कार्डावरचा क्रमांक कशासाठी आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

घरी विड्या वळणाऱ्या आईची स्थिती अवघड आहे, कारण मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि हजारी बंद झाली की मजुरी बंद. मातृवंदनेचे पैसे त्या काळासाठीच आहेत, म्हणून तिने अर्ज सर्वांत आधी भरावा. विडी कामगाराचे ओळखपत्र असल्यास कामगार कल्याण दवाखान्यात उपचार मिळतात. काम सुरू केल्यावर विड्या वळायचे सूप आणि तंबाखू पाळण्याच्या खोलीत ठेवू नये. बाळाला घेण्यापूर्वी हात कोपरापर्यंत धुवावेत आणि कामाचे लुगडे बदलावे.

कामावर जाताना काढून ठेवलेले दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकते असे सांगतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये खोलीच ३५ अंशांवर असते, तेव्हा ते लगेच फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवावे आणि वीज जाते त्या दिवशी जुने वापरू नये. पाजण्यासाठी बाटलीपेक्षा उकळलेली वाटी-चमचा किंवा बोंडले (दूध पाजायची चोचीची लहान वाटी) बरे. घासायला सोपे आणि जवळजवळ फुकट.

आरोग्य विम्यात बाळाचे नाव केव्हा घालावे?

जन्माची माहिती विमा कंपनीला लगेच कळवावी. पुष्कळ पॉलिसींत बाळ ९० दिवसांचे झाल्यावरच समाविष्ट होते, तर प्रसूतीचे संरक्षण असलेल्या काही पॉलिसींत पहिल्या दिवसापासून. आपल्या कागदांत काय आहे ते गरोदरपणातच वाचावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील कुटुंबांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. बाळाला दाखल करताना शिधापत्रिका बरोबर न्यावी आणि रुग्णालयातील आरोग्यमित्राला प्रथम भेटावे, बिल झाल्यावर नव्हे.

बाळाच्या नावाने बचत कशात करावी?

मुलीसाठी टपाल कार्यालयातील सुकन्या समृद्धी खाते चांगले. वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात, पंधरा वर्षे भरावे लागतात आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी पूर्ण होते. व्याजदर शासन दर तिमाहीला जाहीर करते. मुलासाठी पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, आहे. ज्यांना दरमहा १०० रुपयांपासून सुरुवात करायची आहे त्यांनी टपालाचे आवर्ती खाते काढावे. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये ज्या घरात येतात, तेथे त्यातील ५०० जरी या खात्याकडे वळले तरी वर्षाला ६,००० होतात. भिशी ही बचतीची सवय लावते, पण ती बाळाच्या शिक्षणाची ठेव नव्हे.

जन्मदाखल्याला पैसे लागतात का?

२१ दिवसांच्या आत नोंद केल्यास शुल्क लागत नाही. नंतर विलंब शुल्क, वर्षभरानंतर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जाते. नाव ठरले नसेल तरी नोंद करावी, नाव बारा महिन्यांत विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्माचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा त्यावरील नावांची अक्षरे खिडकीवरच तपासावीत. चूक दुरुस्त करायला लागणारे रिक्षाभाडे आणि बुडालेली रोजंदारी कोणत्याच हिशेबात धरलेली नसते.

वापरून झालेल्या वस्तूंचे काय करावे?

दुपटी, टोपरी आणि मोठ्या मापाची झबली धुऊन, सुकी कडुनिंबाची पाने घालून पेटीत ठेवावीत आणि कोणाला दिवस गेल्याचे कळले की न मागता पोहोचवावीत. बाटल्या आणि बोंडशी मात्र दुसऱ्याला देऊ नयेत. आमचा पाळणा शेळगीहून आला होता, तो पुढे विडी घरकुल वसाहतीत गेला, तेथून बाळे भागात. सध्या तो कोणाकडे आहे ते सासूबाईंना ठाऊक आहे. त्याच्या एका कडीचा आवाज येत असे, ती कोणीतरी बदलली असल्याचे त्या परवा सांगत होत्या.